हजेरी क्रमांक आणि रजिस्टर क्रमांक

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने आठवणी सांगाव्यात, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. परंतु आठवणी सांगणारे माझ्याहून अधिक समर्थ लोक या सभागृहात बसलेले आहेत, आणि त्यांच्या आठवणी आपल्या स्मरणिकेत छापून येणारच आहेत. मी आज जो विषय निवडला आहे तो दिसायला कोरडा आहे. दुसऱ्यांच्या हाती असलेल्या लिखाणाचा आपण संदर्भ देतो; ते लिखाण दुसरे लोक आपल्याला न विचारता बदलत राहतात; अशा वेळी आपला संदर्भ खोटा ठरू नये म्हणून काय करावे, असा हा विषय आहे. माझी तीस वर्षांची नोकरी बडोद्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात, तेथील तांत्रिक कागदपत्रे सांभाळण्यात गेली. त्यामुळे या प्रश्नाशी माझी ओळख पुस्तकी नाही. त्याने माझी झोप उडवलेली आहे.

सुरुवात मात्र शाळेपासूनच करते. पाचवीत माझा हजेरी क्रमांक तेवीस होता. सहावीत तो एकतीस झाला, कारण वर्गात नव्या मुली आल्या आणि आडनावांचा क्रम नव्याने लावला गेला. सातवीत दोघींनी शाळा सोडली, मी पुन्हा पुढे सरकले. हजेरीचा क्रमांक हा माझा क्रमांक नव्हताच. तो रांगेतल्या जागेचा क्रमांक होता, आणि त्या जागेवर त्या वर्षी मी उभी होते एवढेच. दोन वर्षांपूर्वी माझा शाळा सोडल्याचा दाखला गहाळ झाला, म्हणून दुसरी प्रत मागायला मी कार्यालयात आले. तेथे मला कोणी हजेरी क्रमांक विचारला नाही. विचारला तो जनरल रजिस्टरचा क्रमांक, जो प्रवेशाच्या दिवशी एकदा दिला गेला, पुढे कधी बदलला नाही आणि मी शाळा सोडल्यावर दुसऱ्या कोणालाही मिळाला नाही. कपाटातून जाड वही निघाली, पाने उलटली गेली, आणि त्या ओळीत माझे नाव, जन्मतारीख व वडिलांची सही सापडली. वडिलांना जाऊन आता वीस वर्षे झाली. त्यांची ती किंचित थरथरती सही पाहताना मला कारकुनी शास्त्राबद्दल जो आदर वाटला, तो मी येथे शब्दांत सांगू शकत नाही.

संदर्भ देण्याच्या रीती मुळात या दोनच. एक जागेची खूण: अमुक पान, अमुक ओळ, वरून तिसरा परिच्छेद. दुसरी वस्तूची खूण: तिचे स्वतःचे नाव, तिला एकदाच दिलेला क्रमांक, किंवा तिचे स्वतःचे शब्द. ज्या पुस्तकाची छपाई होऊन गेली आहे, जे आता कोणी बदलणार नाही, तेथे जागेची खूण पुरते. तीसुद्धा त्याच आवृत्तीपुरती. पालकांना याचा अनुभव दरवर्षी जून महिन्यात येतो. मोठ्या भावाचे जुने पाठ्यपुस्तक धाकट्याने वापरायला घेतले, की बाई सांगतात त्या पानावर तो प्रश्न नसतो. बाईही चुकलेल्या नसतात आणि मुलगाही. चुकलेली असते ती खूण.

आता कारखान्याची गोष्ट. एका पंपाची दुरुस्ती करण्यापूर्वी तो कसा बंद करायचा, याची कार्यपुस्तिका उत्पादन विभागाकडे होती. ती त्यांची फाइल. तिच्यात फेरफार करण्याचा अधिकारही त्यांचाच. आमच्या बाजूला देखभाल विभागाची एक छोटी तपासणी-यादी होती, आणि तिच्यात मीच एक वाक्य लिहिले होते: ‘कार्यपुस्तिकेतील पायरी ९ पूर्ण झाल्याची खात्री करून मगच झाकण उघडावे.’ पायरी ९ म्हणजे लाइनमधील दाब शून्यावर आणणे. काही महिन्यांनी उत्पादन विभागाने पुस्तिका सुधारली. सुधारणा स्तुत्य होती. काम सुरू करण्यापूर्वी चेहऱ्यावर संरक्षक ढाल लावावी, अशी नवी पायरी त्यांनी अगदी आरंभी घातली. त्याखालची प्रत्येक पायरी एकेका घराने खाली सरकली. दाब शून्यावर आणण्याची पायरी दहावी झाली, आणि नवव्या जागेवर आली ती आधीची आठवी: बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करणे. माझ्या यादीतले वाक्य जसेच्या तसे राहिले. ते व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते, त्यातला क्रमांक पुस्तिकेत खरोखरच होता, आणि ते आता माणसाला भरल्या दाबाची लाइन उघडायला सांगत होते.

रात्रपाळीच्या एका जुन्या फिटरने यादीवर खुणा केल्या, झाकणाच्या नटाला पाना लावला, आणि सवयीने दाबमापकाकडे पाहिले. काटा शून्यावर नव्हता. त्याने पाना खाली ठेवला आणि फोन केला. काहीही घडले नाही. म्हणूनच ही हकीकत कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाही. चौकशीत मला कोणी दोष दिला नाही. पुस्तिका बदलणाऱ्यांनाही दिला नाही, कारण आपली पुस्तिका कोणी दुसरा आपल्या यादीत क्रमांकाने उद्धृत करतो आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. मला मात्र ते वाक्य अजून तोंडपाठ आहे.

या घटनेने मला एक भेद कायमचा शिकवला. संदर्भ दोन तऱ्हांनी बिघडतो. एका तऱ्हेत तो तुटतो: सांगितलेल्या ठिकाणी काहीच सापडत नाही, आणि वाचणारा थांबतो, चौकशी करतो. दुसऱ्या तऱ्हेत तो सरकतो: सांगितलेल्या ठिकाणी काहीतरी सापडते, पण ते भलतेच असते, आणि वाचणारा निःशंकपणे पुढे जातो. तुटलेला संदर्भ त्रास देतो; सरकलेला संदर्भ घात करतो. माझी पायरी ९ जर पुस्तिकेतून नाहीशीच झाली असती, तर त्या रात्री काम आपोआप थांबले असते.

आपल्या देशात नुकतेच घडलेले एक उदाहरण या दोन्ही तऱ्हा एकदम दाखवते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेत ५११ कलमे होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. आता ‘चारशेवीस’ हा शब्द आपल्या भाषेत इतका रुजला आहे, की तो कलमाचा क्रमांक आहे हेही आपण विसरतो. नव्या संहितेत ४२० वे कलमच नाही. फसवणुकीचा गुन्हा ३१८ व्या कलमात आहे. तेव्हा कोणी जुन्या सवयीने नव्या पुस्तकात ४२० शोधू लागला, तर पुस्तक संपून जाते आणि चूक आपोआप कळते. पण ३०२ चे काय? खुनाची शिक्षा आता १०३ व्या कलमात आहे. आणि नव्या पुस्तकातही ३०२ आहेच, फक्त ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उद्गार काढण्याविषयी आहे. जुन्या निकालपत्रातला ३०२ हा आकडा नव्या पुस्तकात घेऊन जाणारा बेसावध वाचक रिकाम्या हाताने परत येत नाही. तो भलतीच वस्तू घेऊन परत येतो. म्हणून नुसता ‘कलम ३०२’ असा उल्लेख आता अपुरा आहे. त्याच्यासोबत कोणती संहिता, हे लिहावेच लागते. जुन्या तारखेच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्यामुळे दोन्ही पुस्तके पुष्कळ वर्षे शेजारीशेजारी नांदणार आहेत.

याच्या उलट आपल्या संविधानाची रीत पाहा. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत आला. तो एकविसाव्या अनुच्छेदानंतर बसवायचा होता. त्याला बावीस हा क्रमांक देऊन पुढचे सगळे अनुच्छेद एकेक घर सरकवता आले असते. तसे न करता त्याला ‘२१क’ म्हटले, आणि बाविसावा अनुच्छेद बाविसावाच राहिला. मूलभूत कर्तव्ये आली ती ‘५१क’ म्हणून, १९७६ मध्ये. मालमत्तेच्या हक्काचा एकतिसावा अनुच्छेद १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने काढून टाकला, तेव्हा बत्तिसाव्याला वर ओढून ती जागा भरली नाही. क्रमांक रिकामा ठेवला. दिसायला हे ओबडधोबड दिसते. आमच्या कारखान्यात एका नव्या अधिकाऱ्यांना ‘पायरी ४क’ पाहून फार अस्वस्थ वाटे. सगळे पुन्हा एक, दोन, तीन असे नीटनेटके करून टाकू या, असा त्यांचा आग्रह असे. नीटनेटकेपणाची ही हौस संदर्भांची वैरीण आहे. अर्थात संविधानाच्या रचनेतही अपवाद आहे: १९५६ मध्ये रिकामा झालेला २४३ हा क्रमांक १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींना दिला गेला. मधल्या छत्तीस वर्षांत त्या जुन्या अनुच्छेदाची आठवण ठेवणारे फारसे कोणी उरले नसावे, म्हणून ते निभावले. माझ्या फाइलींत मी तेवढा धीर केला नसता.

परंतु क्रमांक द्यायला वस्तू आपल्या ताब्यात असावी लागते. दुसऱ्याच्या फाइलीत आपण आपला क्रमांक कसा टाकणार? टाकला तरी तो मालकाला निरर्थक वाटून पुसला जाईल. अशा वेळी उपयोगी पडते ती दुसरी युक्ती, वस्तूच्या स्वतःच्या शब्दांनी तिला ओळखण्याची. आणि ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे.

संस्कृत टीकाकार मूळ श्लोक पुन्हा लिहीत नाहीत. श्लोकातला आरंभीचा एखाददुसरा शब्द देतात आणि पुढे स्पष्टीकरण सुरू करतात. त्या शब्दाला प्रतीक म्हणतात. पोथी कोणत्या आकाराची आहे, पत्रावर किती ओळी आहेत, याच्याशी प्रतीकाला कर्तव्य नाही. मूळ ग्रंथ कोणीही नकलून घेतला, पत्रे कशीही भरली, तरी प्रतीक आपली जागा शोधून काढते. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९०६ मध्ये वेदमंत्रांची जी प्रचंड सूची प्रसिद्ध केली, तिचा आधारही मंत्रांच्या चरणांचे हे आरंभीचे शब्दच आहेत. आणि मला सर्वांत मार्मिक वाटतो तो श्रौतसूत्रांचा परिपाठ. यज्ञात कोणता मंत्र केव्हा म्हणावा हे सांगताना सूत्रकार आपल्या शाखेच्या संहितेतला मंत्र असेल तर सामान्यतः नुसते प्रतीक देतात, कारण ऐकणाऱ्याला तो पाठच असतो. मंत्र दुसऱ्या शाखेचा असेल तर तो संपूर्ण देतात. जे आपल्या घरचे आहे त्याला नावाने हाक मारली तरी पुरे; जे परक्या घरात आहे, त्याचे रूप पूर्ण सांगून ठेवावे लागते. हा नियम मी निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधी वाचला. तीस वर्षांपूर्वी वाचला असता तर माझ्या यादीत ‘पायरी ९’ असे न येता ‘लाइनमधील दाब शून्यावर आणणे’ हे सगळे शब्द आले असते.

मराठी वाचकाला तर हे सांगायलाच नको. तुकोबांच्या गाथेतील अभंगांचे क्रमांक आवृत्तीगणिक वेगळे. म्हणून कीर्तनकार अभंग क्रमांकाने सांगत नाही, पहिल्या चरणाने सांगतो. आणि गाथेच्या पुस्तकाला चरणांची अकारादी सूची जोडलेली असते. ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण अध्याय आणि ओवी यांनी देतो. तो पानांच्या क्रमांकापेक्षा कितीतरी टिकाऊ, तरी प्रतींमध्ये ओव्या कमीजास्त असल्यामुळे तोही कधीकधी थोडासा सरकतो. दुसऱ्यांनी केलेल्या फेरफारांचा जाच एकनाथमहाराजांनी किती भोगला असेल, याची कल्पना करून पाहा. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, त्यांनी पाठभेदांनी गढूळ झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवण्यासारखे होईल, अशा अर्थाचा इशाराही देऊन ठेवला. फाइलीवर ‘फक्त वाचनासाठी’ अशी सूचना लावण्याचा आपल्या भाषेतला हा फार जुना प्रयत्न असावा, असे मी गमतीने म्हणत असते.

पाठभेदांचे सर्वांत शिस्तशीर काम पाहायला आपल्याला बडोद्याबाहेर जावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरी केली. त्याच धर्तीवर आपल्या शहरातील प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची सात कांडे सिद्ध केली. संपादकांनी असंख्य पोथ्या ताडून जे श्लोक नंतरचे ठरवले, ते मुख्य संहितेतून काढले. पण फेकले नाहीत. तळटीपांत त्यांना तारांकित क्रमांक दिले, लांबलचक प्रकरणे परिशिष्टांत ठेवली. परिणामी, जो श्लोक आता मूळ संहितेत नाही, त्याचाही पत्ता आहे. तो कोठे गेला, असे कोणी विचारले तर उत्तर देता येते. संपादनाचे कौशल्य जितके स्वीकारण्यात आहे, तितकेच ते काढलेल्याची नोंद ठेवण्यातही आहे.

आता संगणकाकडे वळते. येथे बसलेल्या तरुण माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण या क्षेत्रात आहेत, तेव्हा त्यांच्यापुढे माझे बोलणे थोडक्यात असलेले बरे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेली ‘गिट’ नावाची व्यवस्था फाइलीला तिच्या मजकुरावरून काढलेला एक ठसा देते, चाळीस अक्षरांचा. मजकुरात एक काना बदलला तरी सगळा ठसा वेगळा होतो. त्यामुळे मी संदर्भ घेतला त्या दिवशीचा मजकूर आणि आजचा मजकूर एकच आहे काय, हे क्षणात कळते. आणि जुने रूप जपून ठेवलेले असेल तर ते त्या ठशाने पुन्हा काढता येते. पण ठसा सांगतो तो केवळ ‘बदलले’ किंवा ‘बदलले नाही’ एवढेच. बदललेल्या मजकुरात माझे वाक्य आता कोठे आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी वेब-मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २०१७ मध्ये टिपणांसाठी जी रीत संमत केली, तिच्यात वाक्याचे नेमके शब्द, त्याच्या आधीचे काही शब्द आणि नंतरचे काही शब्द अशी तिन्ही नोंदवण्याची सोय आहे. प्रतीकच ते, फक्त दोन्ही बाजूंना शेजारी घेतलेले. शेजाऱ्यांची गरज का, ते आपल्या स्मरणिकेच्या फाइलीत मला कळले. ‘आमच्या बाई’ हे दोन शब्द तिच्यात जवळजवळ प्रत्येक पानावर होते.

मराठीपुरती एक अडचण मात्र वेगळी सांगते, कारण ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ या शब्दांतला तो अर्धा, डोळ्यांच्या पापणीसारखा वळलेला र संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवला जातो. एका रीतीत नुक्ता असलेले ‘ऱ’ हे अक्षर वापरतात. दुसऱ्या रीतीत साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. शोधायला गेलात की सापडत नाहीत. फाइल दुसऱ्याने आपल्या संगणकावर उघडली, एखादा परिच्छेद पुन्हा टंकित केला, आणि एकही शब्द न बदलता माझा संदर्भ तुटला, असे माझ्याबाबत घडले आहे. तेव्हा शब्दांनी संदर्भ ठेवायचा तर ताडून पाहण्यापूर्वी दोन्हींकडचा मजकूर एकाच रूपात आणून घ्यावा लागतो. जुळणी अगदी तंतोतंत नसेल तर जवळची जागा संगणकाने सुचवावी, पण हीच ती जागा असा निवाडा माणसाने करावा. येथे घाई केली की तुटलेल्या संदर्भाचा सरकलेला संदर्भ होतो, आणि आपण पुन्हा पायरी ९ पाशी येतो.

शेवटी आपल्या स्मरणिकेविषयी. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी एका सामायिक फाइलीत गोळा होत आहेत, हे आपण जाणता. पाच-सहा स्वयंसेवक ती संपादित करतात. कोणी इंदूरहून, कोणी पुण्याहून, एक जण कॅनडातून. मी छायाचित्रे आणि तपशील यांची वेगळी वही ठेवते: कोणत्या आठवणीला कोणते चित्र, कोणती तारीख कोणाकडून पडताळून घ्यायची. लाज वाटते सांगायला, पण इतके होऊनही मी पहिले दोन महिने ती वही पानांच्या व परिच्छेदांच्या क्रमांकांनी ठेवली. घरचेच काम, काय बिघडणार, असे वाटले असावे. एके रात्री कोणीतरी सगळ्या आठवणी शाळा सोडण्याच्या वर्षाप्रमाणे नीट लावल्या. काम चांगलेच होते. सकाळी माझ्या वहीप्रमाणे एका दिवंगत बाईंचे छायाचित्र, देवदयेने हयात असलेल्या आणि आज पहिल्या रांगेत बसलेल्या दुसऱ्या बाईंवरील लेखाशी जोडले गेले होते.

(त्या बाई हसत आहेत, हे मला येथून दिसते आहे. आभारी आहे.)

तेव्हापासून प्रत्येक आठवणीच्या शेवटी आम्ही एक छोटी खूण ठेवतो: ‘आठवण ३७’, ‘आठवण ११२’. ही आठवणींची जनरल रजिस्टर. क्रम कसाही लागो, खूण बदलत नाही. एखादी आठवण लेखकाने मागे घेतली तर तिचा क्रमांक रिकामा राहतो. छपाईत या खुणा काढून टाकल्या जातील. आणि फाइल माझ्या एकटीची नसल्यामुळे, खूण चुकून पुसली गेली तर उपयोगी पडावेत म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीसमोर आठवणीचे पहिले पाच शब्द, शेवटचे पाच शब्द, ज्या वाक्याला चित्र जोडायचे ते वाक्य आणि मी ते वाचले तो दिवस, असे लिहिलेले असते. दर रविवारी मी वही फाइलीशी ताडून पाहते. जे जुळते त्यावर बरोबरची खूण. जे जुळत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि प्रश्नचिन्हाचा निकाल लागेपर्यंत त्या चित्राला हात लावायचा नाही.

मागच्या महिन्यात असेच एक प्रश्नचिन्ह आले. पहिल्या तुकडीतल्या एका आजींनी मैदानातल्या निंबाला टांगलेल्या हिंचक्याविषयी लिहिले होते. माझ्या वहीत त्यांचे वाक्य होते, फाइलीत ते सापडेना. शोधता शोधता कळले की आमच्यापैकीच कोणीतरी, हा शब्द गुजरातीच्या वळणाचा आहे असे वाटून, ‘हिंचका’ काढून ‘झोपाळा’ घातला होता, आणि ओघाने वाक्यही सुबक करून टाकले होते. हेतू निर्मळ होता. मुद्रितशोधकाचा हेतू नेहमीच निर्मळ असतो. मी आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, झोपाळा घरात असतो, माजघरात. शाळेत हिंचकाच होता.” शब्द परत बसवला. माझी वही जर केवळ जागा दाखवत असती, तर ती खुशाल ‘झोपाळ्या’कडे बोट दाखवत राहिली असती आणि साठ वर्षांपूर्वीच्या बडोद्यातला तो एक शब्द, कोणाच्याही लक्षात न येता, आपल्या स्मरणिकेतून गेला असता.

आज माझ्या वहीत एकच प्रश्नचिन्ह शिल्लक आहे. आठवण ५४. खूणही नाही आणि शब्दही नाहीत. फाइलीच्या जुन्या रूपांतही ती मला सापडलेली नाही. माझ्याकडे आहेत तिचे पहिले पाच शब्द, शेवटचे पाच शब्द, आणि एक छायाचित्र: पावसाळ्यात पाण्याने भरलेले मैदान आणि व्हरांड्यात डोक्यावर पाट्या घेऊन उभी असलेली चार मुले. ते चित्र मी बाहेर फलकावर लावले आहे आणि खाली ते दहा शब्द लिहिले आहेत. ही आठवण ज्यांनी लिहिली असेल, त्यांनी कृपया जाण्यापूर्वी मला भेटावे. स्मरणिका छपाईला जायला अजून अकरा दिवस आहेत.